सांताबाबांना नारळ

"साळवे, जरा वाका. साहेबांचा हात पोचत न्हाई," सुंदरराव कानाशी पुटपुटले आणि मी वाकलो. प्रमुख पाहुण्यांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि माझ्या पायाशी नारळ फोडला. पाणी थेट पँटवर उडालं. "सांताबाबा की..." कुणीतरी ओरडलं आणि गेवराईतल्या आमच्या इंग्रजी शाळेच्या चारशे पोरांनी "जय!" म्हणून मैदान दणाणून सोडलं.

मी या शाळेत कारकून आहे. नाव अनिल साळवे. इथे ख्रिस्ती असा मी एकटाच, त्यामुळे गेली अकरा वर्षं दर डिसेंबरात सांताक्लॉज मीच. "तुमचाच देव हाय, दुसऱ्यानं कावून व्हायचं?" असं संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव म्हणतात. अहो, हा देव नव्हे, हे मी त्यांना अकरा वर्षं सांगतो आहे. ते मान हलवतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात, "तुमच्या देवाचा ड्रेस धुतला का?" कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

एरवी हा प्रकार चोवीसला उरकतो. यंदा पाहुण्यांना पंचवीसलाच सवड होती. "सुट्टी हाय, पालकबी येतेल," सुंदरराव खूश. मी हात जोडले. पंचवीसला सकाळी दहाला आमच्या उमापूरला उपासना असते. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, बीडहून येतात, तासाभरात प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस देतात आणि पुढच्या गावाला निघतात. मंडळीतले धडधाकट लोक ऊसतोडीला गेलेले, मागे उरतात म्हाताऱ्या. त्यांतलीच एक माझी आई, वत्सलाबाई. दिवाळीनंतर महिनाभर ती अंथरुणाला खिळून होती. उठून बसली तेव्हा एवढंच म्हणाली, "या नाताळाला माझ्या बाजूला बसून प्रभुभोजन घे. पुढच्याचं म्या काय सांगावं?"

"नऊला सोडतो. जबान देतो तुमाला," सुंदरराव म्हणाले होते.

पाहुणे आले साडेदहाला! नऊ वाजता मी गाडीकडे निघालो होतो, तर सुंदररावांनी दंड धरला. "पोरं सातपासून बसलीत. सांताबाबा पळाले म्हणून बोंब करतेल." मी तेव्हाच हात झटकून निघायला हवं होतं. निघालो नाही. नोकरीची भीती, दुसरं काय! दीड तास त्या लाल कपड्यांत उन्हात उभा राहिलो आणि घड्याळाकडे बघत चरफडत राहिलो.

स्टेजवर थर्मोकोलचा बर्फ होता, प्लॅस्टिकचं झाड होतं, छाती हादरवणारा डीजे होता. ज्याचा जन्मदिवस, त्याचा मात्र कुठे पत्ता नव्हता. मुख्याध्यापिका मोहिनी मॅडमना मी आठवडाभर आधी विनवलं होतं, पाच मिनिटं द्या, जन्माचा अध्याय वाचून दाखवतो. परगावी निघालेलं गरीब जोडपं, बाईचे दिवस भरलेले, कुठेच जागा नाही, शेवटी गोठ्यात बाळंतपण. आमच्या भागातल्या पोरांना हे वेगळं समजवायची गरजच नाही. कितीकांच्या आज्या उसाच्या फडावर अशाच बाळंत झाल्या आहेत. पण मॅडम म्हणाल्या, "साळवेभाऊ, कार्यक्रमात धार्मिक काही नको हं. पालक म्हणतील धर्मप्रचार चाललाय."

आणि आता त्याच मॅडम निरांजनाचं ताट घेऊन मला ओवाळत होत्या!

मग पालकांची रांग लागली. कुणाला फोटो हवा, कुणाला आशीर्वाद. एका आजीने नातवाला माझ्या पायावर घातलं. "बाबा, ह्याला सारखा खोकला हाय, जरा हात फिरवा." मी फिरवला. काय करणार? पोराचा काय दोष!

सव्वाअकराला मी निसटलो. कपडे ऑफिसात फेकले आणि उमापूरच्या रस्त्याने गाडी पळवली. पोचलो तेव्हा पाळक निघून गेले होते. आमच्या पत्र्याच्या चर्चसमोर सहा-सात म्हाताऱ्या उन्हाला बसल्या होत्या. आई मधोमध, डोक्यावरून पदर घेऊन. तिला आता फारसं दिसत नाही. मी जवळ जाऊन आमच्या ख्रिस्ती रीतीने "सलाम, आई" म्हणालो. वाटेत चांगली दहा वाक्यं जुळवली होती, सगळी विसरलो.

"आला का?" आईने माझा हात चाचपडून धरला. "झालं का वाचन?"

"कसलं वाचन?"

शेजारच्या मुक्ताबाईंनी सांगितलं, "आरं, तुझी माय पाळकाला सांगत व्हती, माझा लेक आज साळंत जन्माचा अध्याय वाचतोय, म्हणून आला न्हाई. पाळकानं तुझ्यासाठी प्रार्थना केली, सगळ्यांदेखत."

मॅडमकडे पाच मिनिटं मागितली आहेत, हे मी आईला फोनवर सांगितलं होतं. नकार मिळाला हे सांगायचं राहिलं. तिने आपल्या मनाने उरलेलं पुरं केलं होतं.

"म्या घेतलं एकटीनं प्रभुभोजन," आई म्हणाली. "तू वाईट वाटून घिऊ नगं. आमी इथं सात जणी, समद्यांना पाठ हाय ते. तिथं किती लेकरं व्हती?"

"चारशे."

"लई झाली की रं!" तिचा चेहरा उजळला. "गप बसली का?"

खरं सांगावं असं फार वाटलं. पण तिचे दोन्ही हात माझ्या हातावर होते आणि सगळ्या म्हाताऱ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बसली, आई," मी म्हणालो.

"ऐकलं का गं?" आईने बाकीच्यांना विचारलं. "चारशे लेकरांनी ऐकलं."

"आमेन," म्हाताऱ्या म्हणाल्या. मीही त्यांच्यातच बसलो होतो. आई माझ्या आमेनची वाट बघत कान देऊन राहिली, आणि माझ्या तोंडून काही केल्या तो शब्द निघेना.