कीर्तनातली खुर्ची

गुडघे वाकेनात म्हणून साळूआत्यानं कीर्तन सोडलं, ही गोष्ट तिच्या भाचीला, क्रांतीला, काही सहन होईना. चाळीस वर्षांत जिनं आष्ट्याच्या मारुतीपुढचं एक आख्यान चुकवलं नाही, ती माउली ऐन सप्ताहात घरी बसून लांबून मृदंग ऐकत होती!

क्रांती सांगलीला डिझाइन शिकायची. ज्ञानदा मॅडमनी सांगितलं होतं, ओळखीच्या एका माणसाची एक अडचण सोडवा. हिनं आत्यासाठी खुर्ची आखली, नाथाजी सुताराकडून करून घेतली. गादी मऊ, दोन्हीकडं रुंद हात, पाठ अशी की राजानं टेकावं. देवळात मांडल्यावर आत्या कौतुकानं बसली आणि बुवांचा अभंग रंगायच्या आत उठून घरी गेली.

"टोचलं का काय, आत्या?"

"न्हाई गं. लय भारी हाय. पर मन लागंना."

रडवेल्या क्रांतीनं मॅडमना फोन लावला.

"आत्याला काय विचारलंस?"

"गुडघे कुठं दुखतात ते."

"आणि कीर्तनात ती काय करते, ते पाहिलंस?"

"ते नाही पाहिलं."

"मग उद्या पेन्सिल घरी ठेव आणि त्या खुर्चीत तू बस."

बसली. बुवांनी नामघोष उचलला, सारं देऊळ टाळ्या पिटू लागलं आणि हिचं कोपर खाडकन खुर्चीच्या हातावर! मुंग्याच आल्या. खाली बायका मांडीला मांडी लावून डुलत होत्या. बुवांनी सासूचा दृष्टांत दिला, तशी आत्याच्या जुन्या सोबतिणीनं, सुलाबाईनं, शेजारणीला ढोसलं आणि दोघी पदराआड हसल्या. खुर्चीतल्या क्रांतीला कोण ढोसणार? देवाच्या घरी ती परक्या पाहुणीसारखी एकटीच.

सकाळीच ती नाथाजीच्या दारात. "तात्या, उंची आन् पाठ तीच ठेवा. हात नकोत. आन् दोघी बसतील एवढी रुंद करा."

"मग त्याला बाकडं म्हन की पोरी! त्यासाठी सांगलीला कशाला जावं लागतंय?"

काल्याच्या कीर्तनाला बाकडं भिंतीकडंला लागलं. मॅडमही मुद्दाम आल्या होत्या. आत्या टेकते न टेकते तोच सुलाबाई आली. "सरक की गं! सगळं तुझ्या नावावर हाय व्हय?"

नामघोष सुरू झाला. आत्याचे हात मोकळे उडाले. मॅडम बाकड्याकडं बघतच नव्हत्या. आत्याच्या कोपरांकडं बघून हसत होत्या. हंडी फुटायची वेळ आली तरी आत्या जागची हलली नाही.

क्रांती हळूच वाकली. "आत्या, मन लागलं का?"

"गप बस," आत्या खेकसली, "बुवा बोलत्यात."