वाकून ऐकायचं भाषण

आमच्या क्लबात शर्यतीआधी अध्यक्षांचं भाषण असतं आणि ते खेळाडूंनी वाकून ऐकायचं असतं. पाय लांब करून बसायचं, अंगठे पकडायचे आणि भाषण संपेपर्यंत सोडायचे नाहीत. याने मांडीचे स्नायू मोकळे होतात, दुखापत टळते, असं कोच सांगतात. समोर ओळीने झुकलेली डोकी पाहून अध्यक्षांचा गैरसमज होतो आणि भाषण लांबतं.

माझी पुतणी याच क्लबातून पळते. गेल्या वर्षी ऐन शर्यतीत तिच्या उजव्या मांडीचा मागचा स्नायू फाटला. त्याही दिवशी भाषण झालं होतं. पण भाषणाने स्नायू फाटतो असं म्हणण्याइतका मी अजून वाहवलेलो नाही.

यंदा संघाच्या निवडीआधी वहिनी आणि मी तिला फिजिओकडे घेऊन गेलो. त्या बाईंनी तिला एका खुर्चीवजा यंत्राला बांधलं आणि पाय झाडायला लावले. पुढची मांडी बैलासारखी, मागची शेळीसारखी, असा निकाल निघाला. मग बाईंनी मागची मांडी बराच वेळ ताणून धरायला लावली आणि पुन्हा जोर मोजला. शेळी आणखी मवाळ झाली होती.

"पुढची मांडी पाय फेकते, मागची त्याला आवरते," बाई म्हणाल्या. "आवरणारी आधीच अशक्त. पळायच्या तोंडावर तिला आणखी कशाला ढिली करता? संध्याकाळी घरी खुशाल ताणा. मैदानावर हलकं पळा, गुडघे उचला, पाय झुलवा."

"मग पुन्हा दुखापत होणार नाही ना?" वहिनीने विचारलं.

"तशी हमी मी कुणालाच देत नाही. पण विकतचं दुखणं का घ्या?"

हे सगळं मी कोचच्या कानावर घातलं.

"काका, तुम्ही आयुष्यात कधी पळालात?"

"बसमागे."

"मी केस पिकेपर्यंत पोरी वाकवल्यात."

"त्यातल्या काही लंगडल्याही असतील."

"नीट ताणलं नाही त्या लंगडल्या."

"नीट ताणलं नाही हे कसं कळलं?"

"लंगडल्या ना."

माझं डोकं फिरलं. एवढ्या भक्कम तर्कशास्त्रावर माणूस देश चालवू शकतो, आणि हा गृहस्थ मांड्यांवर समाधान मानून बसला होता.

निवडीच्या दिवशी अध्यक्ष खेळाचं महत्त्व सांगून झाल्यावर स्वतःच्या शाळेतल्या दिवसांकडे वळले, तेव्हा पुतणी ओळीतून उठली. मागे जाऊन गुडघे उचलत जागच्या जागी पळू लागली.

"खाली बस," कोच दातओठ खात म्हणाले.

"बसते ना सर. शर्यत झाली की हवं तेवढं वाकते. साहेबांनी तेव्हा सावकाश बोलावं."

एरवी अध्यक्षांना ही सूचना आवडली असती. पण वाक्य मध्येच तुटल्याने ते दुखावले होते.

पुतणी दुसरी आली. मांडी शाबूत. संघात दोघी घ्यायच्या होत्या. कोचनी नावं वाचली: पहिली आलेली आणि तिसरी आलेली. पुतणी राखीव.

"दुसरी ही आली होती," मी म्हणालो.

"नशिबाने. न ताणता पळाली, वाचली. नशीब काय रोज साथ देतं?"

"आणि लंगडली असती तर?"

"तर मी सांगितलंच होतं."

म्हणजे लंगडली तर तिची चूक, पळाली तर नशिबाची कृपा. यात कोचनी चुकण्यासाठी कुठे फटच ठेवली नव्हती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पुतणी पुढे झाली.

"राखीव तर राखीव, सर. पण पळायच्या आधी मी वाकणार नाही."

"मग राखीवही नाहीस."

तिने बॅग खांद्याला लावली. "मला मांड्या दोनच आहेत. त्यातली एक गेल्या वर्षी तुमच्यावर सोपवून पाहिली."

कोचनी शिट्टी तोंडात धरली आणि बाकीच्यांना रांगेत उभं केलं.

फाटकापर्यंत मी कोचबद्दल जे बोललो ते छापण्याजोगं नाही. तावातावाने चालत होतो. पुतणीने माझी बाही धरली.

"काका, हळू. तुमचं वॉर्म-अप झालेलं नाही."