चंद्रभानने राखलेली धावपट्टी

भिवापूरच्या अलीकडच्या त्या गावात सिमेंटची अशी एकच गोष्ट होती आणि ती पाऊण मैल लांब होती. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात सरकारने शिकाऊ वैमानिकांसाठी तिथे धावपट्टी बांधली, तिच्याखाली चंद्रभानच्या बापाची, रामाजीची, सात एकर काळी जमीन गेली. पोरं विमान नीट उतरवायला शिकली आणि लढाई संपली. विमानं गेली, तंबू गेले. पट्टी कोणाला उचलून नेता येईना, म्हणून ती राहिली.

तेव्हापासून सारा गाव तिच्यावर मिरची वाळवत होता. घरागणिक जागा ठरलेली. सगळ्यांत ऐसपैस जागा चंद्रभानच्या बायकोची, गोपिकाची. कारण खाली जमीन कोणाची आहे, हे ती दर हंगामात मोठ्या आवाजात सांगे.

अडुसष्ट सालच्या फेब्रुवारीत नागपूरहून कागद आला. साहेब पट्टी पाहायला येणार. विमानांच्या कामाची असली तर सरकार ठेवणार, नसली तर जमीन जुन्या मालकांना परत. चंद्रभानने कागद स्वतः वाचला. म्हणजे ‘जुन्या मालकांना परत’ एवढं चारदा वाचलं, बाकीचं एकदाही नाही, आणि कागद घडी करून बंडीच्या खिशात घातला.

“जमीन मांगाची तं ते निगेत दिसली पायजे,” त्याने पारावर जाहीर केलं. “पोरगी पाहाले पाव्हणे येतेत तं आपन घर सारवतो का नाही?”

“पन सिमेट कोनी सारवते का गा?” नत्थूजीने विचारलं.

“तुले काय समजते त्यातलं?”

गाव कामाला लागलं. मिरची उचलली. फटींतलं गवत उपटलं. बायांनी भेगा माती-शेणाने लिंपून वरून अशा घोटल्या, की सिमेंट कुठे संपतं ते कळेना. दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा ओढल्या. टोकाच्या जुन्या खांबावर शोभा म्हणून गोपिकाने आपलं लाल लुगडं बांधलं.

साहेबांची जीप या टोकापासून त्या टोकापर्यंत भरधाव गेली. एक गचका नाही. साहेब उतरले ते हसतच.

“वाऱ्याची दिशा दाखवायला कापडसुद्धा! वीस वर्षं ही कोणी राखली हो?”

सगळ्या गावाची बोटं चंद्रभानकडे वळली. त्याने छाती पुढे काढली.

“मीच जी. बापाची जमीन हाये. परत भेटन म्हून...”

“परत? अहो, खराब असती तर मिळाली असती. हिच्यावर उद्या विमान उतरेल!”

चंद्रभानचं तोंड कडेच्या चुन्यासारखं झालं. “खराबच हाये जी साहेब! पुरी बेकार!” म्हणत त्याने एका भेगेवर टाच आपटली. लिंपण हललं नाही. “हे शेन हाये जी, शेन!”

साहेबांनी वाकून बोट फिरवलं. “छान बसवलंय.”

“मी इचारलं होतं गा,” नत्थूजी म्हणाला.

साहेबांनी वहीत ‘उत्तम’ लिहिलं. मग म्हणाले, “आता हिला राखणदार हवा. तुमच्याइतका लायक माणूस कुठे मिळणार? फक्त हिच्यावर काही वाळवू द्यायचं नाही. मनाई तुम्हीच करायची.”

“मले नाही जमत जी.”

साहेबांची नजर पलीकडे उभ्या असलेल्या देवाजीवर गेली. देवाजीने लगेच टोपी नीट केली. याच देवाजीने सालोसाल गोपिकाच्या जागेत वीतभर घुसून आपली मिरची पसरली होती. बापाच्या जमिनीवर पाय ठेवायला आता देवाजीला विचारायचं? चंद्रभानने साहेबांच्या हातून पेन जवळजवळ हिसकावून वहीत राखणदार म्हणून सही केली.

जीपची धूळ बसते न बसते, तोच गोपिका डोक्यावर पोतं घेऊन हजर.

“थांब वं. वाळवाले मनाई हाये.”

“कोनाची?”

“राखनदाराची. म्हंजे... माही.”

“अस्सं व्हय! मले वाटलं सरकारची हाये,” गोपिका म्हणाली आणि तिने पोतं खाली टेकवलं. “धरा हे टोक.”

राखणदाराने इकडे-तिकडे पाहिलं आणि टोक धरलं.