लाल चिंधी, लाल फीत

मित्रांनो, मी एक जुनी खाट आहे. मोठ्या माणसांची नव्हे, बाळांची. चारी बाजूंना गजांचा कठडा, खाली चार चाकं आणि आत एक पातळ गादी, एवढाच माझा संसार. मी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात राहते. अशा हॉटेलात गेलात की तुमचं लक्ष आधी कुठे जाईल, ते मला ठाऊक आहे. पोहायच्या तलावाकडे, खालच्या दालनातल्या काचेच्या झुंबराकडे, आणि खोलीत शिरल्या शिरल्या त्या पांढऱ्याशुभ्र पलंगाकडे. त्यावर उड्या मारायच्या नाहीत, असं आईनं लिफ्टमध्येच बजावलेलं असतं. माझी आठवण कुणालाच येत नाही. कुणीतरी फोनवर म्हणतं, "आणि हो, आमच्याबरोबर लहान बाळ आहे बरं का," तेव्हा कुठे मला कोठीतून बाहेर काढतात.

माझी गोष्ट ऐकताना तुम्हाला जरा भीती वाटेल. वाटू दे. मलाही वाटली होती, आणि मी तर लाकडाची आहे.

हॉटेलच्या मागच्या बाजूला एक कारखाना आहे. डुगडुगणारे पलंग, मोडक्या खुर्च्या, निखळलेल्या कड्या, सगळं तिथे जातं आणि नीट होऊन येतं. तिथल्या सुतारकाकांनी मला घडवलं. त्यांना तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती. म्हणूनच की काय, मोजपट्टी बाजूला ठेवून ते आपली बोटं माझ्या गजांमध्ये घालून बघत. "हात गेला तर जाऊ दे, डोकं जाता कामा नये," असं स्वतःशीच पुटपुटत. घासून घासून मला गुळगुळीत केल्यावर त्यांनी माझ्या कठड्याला आपला गाल लावला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. कुठे टोचलं नाही, तेव्हाच रंगाचा डबा उघडला. माझी एक बाजू खाली सरकणारी केली, आयांना फार वाकावं लागू नये म्हणून. ती बाजू वर धरून ठेवायला दोन पितळी खिट्ट्या बसवल्या. त्या खिट्ट्यांवर माझं सगळं नाव अवलंबून होतं.

माझी कामाची वर्षं सुखात गेली. किती बाळं माझ्यात निजली, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण काही अजून आठवतात. एकाला दोन्ही पाय गजांमधून बाहेर काढल्याशिवाय झोप यायची नाही. एकीनं नव्या दातांनी माझा कठडा असा चावला की त्या दोन खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. एक आजी तर आपल्या लेकाला म्हणाली, "बघ रे, घरी रडून रडून घर डोक्यावर घेतो, आणि इथे कसा साहेबासारखा झोपलाय!" त्या दिवशी मी फुगून दुप्पट झाले होते.

हॉटेलच्या कोठीवर एक मावशी होती. सगळे तिला कोठीमावशी म्हणत. चादरी, उशा, इस्त्र्या, छत्र्या आणि आम्ही खाटा, सगळं तिच्या ताब्यात. मला बाहेर पाठवण्याआधी ती दरवेळी माझा कठडा कोपरानं दाबायची, आपलं सगळं वजन टाकून. "बाळ म्हणजे काय साधं असतं? पैलवान असतो तो," असं म्हणायची. कठडा जागचा हलला नाही, की माझ्या पाठीवर थाप मारून मला धाडायची.

एक दिवस तिनं असाच कठडा दाबला आणि तो सरकला. केसभर. उजवीकडची खिट्टी आतून झिजली होती. मावशीनं पुन्हा दाबलं. आणखी केसभर. तिचा चेहरा उतरला.

तिनं कारखान्यात फोन केला. सुतारकाका केव्हाच निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेला माणूस म्हणाला, "उद्या बघतो." तो उद्या काही उजाडला नाही. आणि मावशीला तर गावी जायची घाई होती, तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. तिनं जुन्या पडद्याची एक लाल चिंधी टर्रकन फाडली आणि माझ्या कठड्याला घट्ट गाठ मारून बांधली. तिच्या कोठीचा हा जुना रिवाज होता. ज्याला लाल चिंधी, त्याला हात लावायचा नाही. तो कुठे लिहिलेला नव्हता. जुन्या सगळ्यांना तो तोंडपाठ होता, मग लिहायचा कशाला? मावशी पिशवी खांद्याला लावून गेली. मी कोपऱ्यात उभी राहिले.

मावशी नव्हती त्या पंधरवड्यात हॉटेलात बरंच काही बदललं. सजावट बघायला नव्या बाई आल्या. हसतमुख, कामाला वाघ. पाहुण्यांना प्रत्येक वस्तू भेटीसारखी वाटली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी एक सुंदर नियम काढला. धुऊनपुसून, तपासून तयार झालेल्या प्रत्येक वस्तूला लाल रेशमी फीत बांधायची. टॉवेलांना फीत, फळांच्या टोपलीला फीत, घडी केलेल्या झग्यांना फीत. सगळ्या मजल्यांवर त्यांनी सांगून टाकलं, "लाल दिसलं की तयार समजायचं. बिनधास्त द्यायचं."

मित्रांनो, माझ्या लक्षात आलं का, तर आलं. पण लाकडाला तोंड नसतं.

अकराव्या मजल्यावरून फोन आला, लहान बाळ आहे, खाट हवी. मजल्यावरची ताई मला न्यायला आली. ती आधी धुलाईत काम करायची, कोठीत ती पहिल्यांदाच येत होती. तिनं माझ्या अंगावरची लाल चिंधी पाहिली आणि तिला बरंच वाटलं. "चला, ही तयारच आहे," ती म्हणाली. मग जरा नाक मुरडलं. चिंधी मळकी होती ना! तिनं ती सोडली, टोपलीत टाकली आणि तिच्या जागी नवी चकचकीत लाल फीत बांधली. फुलासारखी गाठ मारून, दोन्ही टोकं नीट सारखी करून. धोका म्हणून बांधलेली खूण तिनं इतक्या मायेनं सजवली की मला रडू आवरेना.

ती खोली फार सुंदर होती. खिडकी भिंतभर होती आणि अकरा मजले खाली रस्ता वाहत होता, पण आवाज नव्हता. जाड काच गाड्यांचे भोंगे गिळत होती, जाड गालिचा पावलं गिळत होता. एवढी शांतता मला कधी आवडली नाही. गालिच्यावर माझी चाकं रुतली, म्हणून ताईनं मला खिडकीपाशी नेलं, तिथे गालिचा संपून संगमरवर सुरू होत होता. चाकं गुळगुळीत फिरली. माझी झिजलेली खिट्टी बरोबर त्या संगमरवराच्या बाजूला आली.

पाहुणे तिघं होते. आई, बाबा आणि त्यांची आठ महिन्यांची पिटुकली. सगळे तिला पिटुकलीच म्हणत. धरून उभं राहायला ती चारच दिवसांपूर्वी शिकली होती, आणि जे हाताला लागेल ते धरून उभी राहत होती. दुपारचं दूध पाजून आईनं तिला माझ्यात ठेवलं. थोपटता थोपटता आईलाच दोन जांभया आल्या. पिटुकली झोपली, पण आईचा हात काही निघेना.

"जा आता," बाबा हळूच म्हणाले. "तो टब बघितलास ना केवढा आहे? दार लावून निवांत आंघोळ कर."

"दार लावून? आठ महिन्यांत दार लावून काही केलंय का मी?"

"म्हणूनच म्हणतोय. जा."

"उठली तर?"

"मी आहे ना इथे!"

"तुम्ही आहात तेच तर," आई हसत म्हणाली. "पडलात की घोरता."

तरी ती गेली. आत पाण्याचा आवाज सुरू झाला. बाबा त्या पांढऱ्याशुभ्र पलंगाच्या कडेला बसले, मग जरा टेकले, मग त्यांचे डोळे मिटले. त्यांना दोष देऊ नका. तेही आठ महिने धड झोपले नव्हते.

पिटुकली जागी झाली.

ती रडली नाही. तिनं फीत पाहिली. लाल, चकचकीत, फुलासारखी! ती रांगत आली, माझे गज धरले आणि उभी राहिली. मग फितीचं टोक तोंडात घालून आनंदानं गुडघ्यातून वरखाली होऊ लागली. प्रत्येक हिसक्याला माझा कठडा केसभर सरकत होता. मी सगळे सांधे आवळून धरले. झिजलेलं पितळ आवळून काय होणार? मी करकरले. ते बाबांच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

नेमक्या त्याच दुपारी कोठीमावशी गावाहून परतली होती. हे मला नंतर कळलं. पिशवी खांद्यावरच होती आणि ती कोठीच्या दारातच थबकली.

"कोपऱ्यातली खाट कुठाय?"

"अकराव्यावर दिली ना मावशी," ताई म्हणाली. "लाल होतं की तिच्यावर!"

"अगं बाई, लाल होतं म्हणूनच..." मावशीनं तिला दाराकडे ढकललं. "पळ. जिन्यानं जा, लिफ्टनं जा, पण पळ!" आणि तिनं स्वतः झडप घालून फोन उचलला.

आमच्या खोलीतला फोन खणखणला. बाबा दचकून उठले. पलंगाच्या पलीकडे जाऊन, माझ्याकडे पाठ करून त्यांनी फोन उचलला आणि पलीकडचा शब्द ऐकायच्या आतच कुजबुजले, "नको, नको, काही नको आम्हाला. बाळ झोपलंय." फोन ठेवून दिला.

बाळ झोपलं नव्हतं. बाळ त्यांच्या पाठीमागे उभं होतं, फोनच्या आवाजानं खूश होऊन उड्या मारत होतं.

बाबा वळले, आणि माझी खिट्टी सुटली.

कठडा खाडकन खाली गेला. पिटुकलीही त्याच्याबरोबर पुढे गेली. बाबांनी कशी झेप घेतली, त्यांचं त्यांनाच माहीत. तिच्या झबल्याची पाठ त्यांच्या मुठीत आली. डोकं वाचलं. पण हनुवटी माझ्याच कठड्याच्या कडेवर आपटली. ज्या कडेवर सुतारकाकांनी गाल फिरवला होता, ती कड लाल झाली.

पाण्याचा आवाज एकदम थांबला. आई ओल्या केसांनी धावत आली.

हॉटेलच्या डॉक्टरांनी हनुवटीला तीन टाके घातले. पिटुकली रडून रडून आईच्या खांद्यावर झोपली. ताई दाराशी हुंदके देत उभी होती. तिच्या मागे नव्या बाई, आणि पुढे कोठीमावशी. पिशवी अजून खांद्यावरच होती.

आई कुणावर ओरडली नाही. तिनं मावशीला एवढंच विचारलं, "तुम्हाला आधी माहीत होतं?"

"मावशी, तुम्ही थांबा, मी बोलते," नव्या बाई घाईनं म्हणाल्या.

मावशी थांबली नाही. "हो, बाई. पंधरा दिवस आधी. चिंधी बांधली आणि निघून गेले. 'खिट्टी मोडली आहे' एवढे तीन शब्द कागदावर लिहिले असते, तर तुमच्या बाळाला लागलं नसतं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "अशा अजून किती आहेत?"

हा प्रश्न मावशीच्या डोक्यातच आला नव्हता.

मित्रांनो, आम्ही सहा बहिणी. एकाच सुताराच्या हातच्या, एकाच महिन्यात घडलेल्या. एकाच पितळी पट्टीतून आमच्या सगळ्यांच्या खिट्ट्या कापल्या होत्या. माझी झिजली, मग त्यांच्या का झिजणार नाहीत?

मावशी तशीच निघाली, नव्या बाई आणि ताई तिच्या मागे. दोघी कोठीत सापडल्या. त्यातली एक दाबताच घसरली. तिसरी तिसऱ्या मजल्यावर होती आणि तिच्यात बाळ निजलेलं होतं. मावशीनं त्याच्या आईची माफी मागून त्याला स्वतःच्या हातांनी उचललं. दाबून पाहिलं, तर कठडा घसरला. चौथी नवव्या मजल्यावर सापडली. ती शाबूत होती, तरी तिला खाली आणलं. माझ्यासकट पाच झाल्या.

सहावी मिळाली नाही. कोठी धुंडाळली, सगळे मजले झाले. शेवटी दरवाज्यावरच्या जुन्या पहारेकऱ्याला आठवलं. दोन वर्षांपूर्वी जुनं सामान काढलं, तेव्हा ती कुणीतरी मागून नेली. नवरा-बायको होते. बायको पोटुशी होती, खूप खूश होती. नाव? पत्ता? कुणी लिहून घेतलं नव्हतं.

मी आता कारखान्यात आहे. माझा कठडा काढून भिंतीला टेकवलाय, नव्या खिट्ट्या यायच्या आहेत. मावशी रोज येते आणि मला नाही, इथल्या दरवाज्यावरच्या त्या पहारेकऱ्याला विचारते, "आठवलं का काही?" तो नकारार्थी मान हलवतो.

म्हणून तुम्हालाच विचारते, मित्रांनो. माझी सहावी बहीण एखाद्या घरात उभी आहे. दिसायला छान आहे, गुळगुळीत आहे, तिच्यावर कसलीही खूण नाही. ती तुमच्या घरी असेल, शेजारी असेल, आत्याकडे असेल. आज घरी गेलात की जवळपासच्या बाळाची खाट बघा. कठडा दोन्ही हातांनी दाबा, जोर लावून. केसभर जरी सरकला, तरी नंतर सांगू म्हणू नका. तिथल्या तिथे मोठ्यानं ओरडा. बाळ झोपलेलं असेल, मोठी माणसं "शू" म्हणतील. म्हणू देत. जागं झालं तर झालं.