चिंधी बांधलेली लवकी

मी एक जुनी झारी आहे. तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजारात पत्रा ठोकून मला घडवलं आणि बेल्याजवळच्या एका गावच्या शाळेत आणलं. बुडाला भोक पडलंय, पण आठवण गळत नाही. मित्रांनो, मला कुणी किती वेळा भरलं, हे मी विसरत नसते.

शाळेत दुपारचं जेवण शिजवतात त्या कौशल्याबाई. शाळेमागच्या पडीक जागेत बाग करायचं त्यांनीच काढलं. मुख्याध्यापक नरसिंगराव लगेच राजी झाले आणि त्यांनी सर्वांत आधी बोर्ड रंगवून घेतला. तेलुगूत बडि म्हणजे शाळा, तोट म्हणजे बाग. गोपाल पेंटरने तेलुगू अक्षरं नीट काढली आणि खाली मराठी पालकांसाठी, कानावर पडलं तसं, देवनागरीत लिहिलं: 'बडी तोटा'.

"बाग लागाच्या आदीच तोटा लिवला का बे?" फाटकाशी उभा पंढरी हसला. त्याची दोन पोरं याच शाळेत.

"दुरुस्त करून घेऊ," सर म्हणाले. घेतला नाही.

मृगात आळी खणली. कौशल्याबाईंच्या घराला अंगण नाही. त्यांच्या माहेरी, बोथकडे, लवकीचा (तुम्ही दुधी भोपळा म्हणता ना, तोच) मोठा वेल असे. आई गेली, भावाने परसात खोल्या बांधल्या, आणि डबीत मूठभर बी तेवढं उरलं. ते सगळं त्यांनी इथे टोबलं. एकच वेल जगला.

बागेची समिती अकरा जणांची. पाण्याच्या पाळ्या भिंतीवर ठळक लिहिलेल्या. त्यांत कौशल्याबाईंचं नाव नव्हतं. पाऊस उघडला की पाणी मात्र त्यांच्याच हातचं. समितीतल्या सात जणांनी मला एकेकदा हाती धरलं, तेही फोटोपुरतं. रिकामी.

बावीस लवक्या मुलांच्या डाळीत गेल्या. तेविसावी, सगळ्यांत डौलदार, बाईंनी बियाला राखली आणि देठाला लाल चिंधी बांधली. चिंधी दिसली की गावातलं शेंबडं पोरही हात लावत नाही. अशी लवकी वेलावरच वाळू द्यायची. आत बी खुळखुळलं की मग काढायची.

कार्तिकात शिक्षण खात्याचे साहेब बाग पाहायला आले. बाई चुलीपाशी होत्या. सरांनी चिंधी सोडून ती लवकी कापली आणि नारळासोबत साहेबांच्या हाती ठेवली. टाळ्या झाल्या. जीप गेल्यावर बाईंना जमिनीवर चिंधी दिसली.

"सर, काऊन तोडली? बियाची होती ना ते!"

"अहो बाई, तुम्हीच लाल फीत बांधली होती! मला वाटलं, सत्कारासाठी सजवलीय."

"सत्कार मानसाचा करतेत, सर. लवकीचा कोन करते?"

"बी मागवून देतो की. ऑफिसात पाकिटं पडलीत."

पंढरीने जीपमागे मोटारसायकल काढली. जून लवकी कोण खाणार, म्हणून साहेबांच्या ड्रायव्हरने ती फाट्यावरच भिरकावली होती. फुटलेल्या फोडी पंढरी पोत्यात घेऊन आला. बाईंनी एकेक बी बोटांत दाबून पाहिलं.

"दूध हाय आतमंदी," त्या म्हणाल्या. बी पिकायला महिना कमी पडला होता.

तरी त्यांनी ते बी राखेत वाळवलं, पुढच्या मृगात टोबलं, आणि मला एकोणचाळीस वेळा भरून त्यावर रितं केलं. एकही अंकुर आला नाही. पाकिटातलं बी मात्र उगवलं. सरांनी त्याचा फोटो वर पाठवला. समितीला प्रशस्तिपत्र मिळालं, अकराही नावांचं. बाराव्या नावाला त्यात जागा नव्हती.

मागच्या आठवड्यात बाईंनी ती लाल चिंधी माझ्या बुडाच्या भोकात कोंबली. आता मी गळत नाही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे: वेलावर चिंधी दिसली, तर चाकू काढण्याआधी ती कुणी बांधली ते विचारा. आणि विचारायचं कुणाला ते कळत नसेल, तर झारी कुणाच्या हातात आहे ते बघा.

काल गोपाल एकदाचा रंगाचा डबा घेऊन आला, 'तोटा'चा काना पुसायला. कौशल्याबाई मला भरत होत्या. बोर्डाकडे न बघताच म्हणाल्या,

"राहू दे गा, गोपाल. बराबर लिवलं हाय."