मुलाखतीला बसलेलं हेल्मेट

मी एक जुनं हेल्मेट आहे. शाळेच्या पुस्तकात मला शिरस्त्राण म्हणत असतील, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर मी ओळखही देणार नाही. माझा रंग एके काळी गडद निळा होता. आता उजव्या बाजूला ओरखडे आहेत, काच धुरकट झाली आहे आणि हनुवटीखालचा पट्टा कापलेला आहे. तो का कापला गेला, तेच तुम्हाला सांगायचं आहे, मित्रांनो.

माझा जन्म कारखान्यातला. आधी साच्यातून कवच निघालं, मग आत फोम बसला, त्यावर मऊ अस्तर आलं आणि शेवटी काच आणि पट्टा. पट्ट्याला एक लाल बटण होतं. ते दाबलं की टक् असा आवाज व्हायचा आणि पट्टा सुटायचा. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला फिरवून फिरवून पाहिलं, दोनदा टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हे पक्कं आहे." ती शाबासकी मी आजवर जपून ठेवली आहे.

मला विकत घेतलं एका घड्याळजींनी. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस म्हणजे हात हलका आणि नजर बारीक. सुट्टीच्या दिवशी ते मोटारसायकल पुसायचे आणि मग मला मांडीवर घेऊन माझी काच, माझं अस्तर, माझं बटण पुसायचे. डोकंही चांगलं होतं त्यांचं. डोक्यांची मला पारख आहे, उगाच कुणाचीही स्तुती मी करत नाही.

एके दिवशी सकाळी बाबांची उजवी बाजू लुळी पडली. त्यानंतर मोटारसायकलवर आच्छादन आलं आणि मी गॅलरीतल्या खिळ्यावर गेलो. बाबांच्या सुनेला, म्हणजे वहिनीला, कपड्यांचे चिमटे ठेवायला काहीतरी हवंच होतं. तिने ते माझ्यात भरले. वर ओले कपडे ठिबकत, बाजूने पावसाची झड येई, आणि माझ्या लाल बटणाच्या आतली स्प्रिंग हळूहळू गंजत गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण घरात सगळ्यांचं लक्ष बाबांकडे होतं आणि ते तसंच असायला हवं होतं.

बाबांची धाकटी मुलगी म्हणजे छकू. तिशी उलटली, केसांत एखाददुसरा पांढरा चमकू लागला, तरी घरात ती छकूच. एका कचेरीत ती इमारतींचे नकाशे काढायची. बाबा अंथरुणाला खिळले तशी तिने नोकरी सोडली आणि त्यांच्या उशाशी बसली. त्यांना भरवणं, कूस बदलून देणं, न उमटणारे शब्द ओळखणं, हेच तिचं काम झालं. बरीच वर्षं गेली. मग बाबाही गेले.

काही महिन्यांनी छकूने माझ्यातले चिमटे काढले, माझं अस्तर धुतलं आणि मोटारसायकलवरचं आच्छादन ओढून बाजूला केलं. तिला पुन्हा नोकरी हवी होती. तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी तिला प्रेमाने सांभाळत होते, पण आपल्या हाताला आपलं काम असावं असं तिला फार वाटत होतं. आणि बाबांच्या खोलीतली ती रिकामी खाट दिवसभर बघणं तिला जड जात होतं.

मग सुरू झाल्या मुलाखती. मोटारसायकलवरून मुलाखतीला जाणं म्हणजे मोठी कसरत असते. इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून ती बसायची ताठ. पँटला साखळीचं तेल लागू नये म्हणून पायाशी रबर लावायची. कागदपत्रांची पिशवी पाठीला. केसांचं काय करायचं यावर वहिनीने पुष्कळ डोकं चालवलं, पण मी एकदा बसलो की अंबाड्याची पुरी व्हायचीच. म्हणून छकू कचेरीच्या अलीकडे, वळणावर थांबायची आणि गाडीच्या आरशात बघून केस नीट करायची. माझं बटण त्या दिवसांत कुरकुरायला लागलं होतं. त्यात तेलाचा थेंब सोडतो, असं दादा रोज म्हणायचा आणि रोज विसरायचा.

त्याहून मोठा सल्ला दादाचा वेगळाच होता. पहिली छाप महत्त्वाची, असं तो सारखा म्हणे. मधल्या वर्षांत घरी बसले होते असं अजिबात सांगू नकोस, घरून कामं घेत होते असं सांग, म्हणजे समोरचा गप्प बसतो. दादाच्या मनात काळजीच होती, त्याला मी दोष देत नाही.

आता एक गंमत सांगतो. मोटारसायकल चालवताना छकू बोलायची. अगदी मोठ्याने, माझ्या आत. प्रश्नही तीच विचारायची आणि उत्तरंही तीच द्यायची. सिग्नलला शेजारचे लोक बघायचे, पण काच खाली असल्यामुळे तिला पर्वा नसे. आणि ती उत्तरं फार छान असायची. बाबांविषयी ती सरळ सांगायची, काय येतं आणि काय विसरलं तेही सांगायची. मी मनात म्हणायचो, ही नोकरी हिला मिळालीच.

पण मला काढून मांडीवर ठेवलं की तिचा आवाजच बदलायचा. दादाचं उत्तर तोंडातून यायचं. मग समोरचे विचारायचे, घरून कोणती कामं केली, नमुने आणलेत का? छकू चाचरायची. ते पेन खाली ठेवायचे आणि कळवतो म्हणायचे. एका ठिकाणी तर साहेब तिच्याऐवजी माझ्याकडेच बघत बसले. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा परतीच्या वाटेवर ती माझ्या आत काहीच बोलली नाही. नुसती नाक ओढत राहिली.

त्यानंतर एक मुलाखत आली ती इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका छोट्या कचेरीतली. वळणावर थांबून छकूने लाल बटण दाबलं. टक् झालं नाही. तिने पुन्हा दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, केसांतली पिन काढून खुपसली. पिन वाकली. पट्टा असा बसलेला की मला वरून ओढूनही काढता येईना. छकू तशीच इमारतीच्या दारात गेली. तिथल्या वॉचमननेही जोर लावून पाहिला. मग तिने दादाला फोन केला. दादा म्हणाला, परत ये, तब्येत बिघडली असं कळवू. अशा अवतारात गेलीस तर जन्मभर हसतील.

ती मागे वळलीही होती. पण वॉचमन तोवर वरती फोन लावून मोकळा झाला होता. "एक बाई आल्यात मुलाखतीला," तो सांगत होता. "त्यांचं डोकं अडकलंय."

आता न जाऊन करते काय? छकू जिना चढली.

वरच्या खोलीत उतरती टेबलं होती, कागदांच्या गुंडाळ्या होत्या आणि दोन माणसं होती. एक त्या कचेरीच्या मालकीण, त्यांना सगळे मॅडम म्हणत. दुसरे मिशीवाले काका, नकाशे तपासणारे. काकांना हसू आवरत नव्हतं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. दुखतंय का, श्वास नीट येतोय का, एवढं त्यांनी विचारलं आणि बसायला सांगितलं. काकांनी कात्री आणली, तशी छकू म्हणाली की तिला मोटारसायकलवरून घरी परत जायचं आहे आणि दुसरं हेल्मेट नाही. मग काकांनी कुठूनशी तेलाची बाटली शोधली आणि बटणात थेंब सोडले.

"तेल मुरेपर्यंत आपण बोलून घेऊ," मॅडम म्हणाल्या.

काच वर होती, पण छकू माझ्या आतच होती. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. मधली वर्षं काय केलंत?

"मी घरून..." छकूने सुरुवात केली आणि ती थांबली. माझ्या आत तिला स्वतःचाच आवाज घुमून ऐकू आला. रस्त्यावर येतो तसाच. मग ती म्हणाली, "नाही. मी कामं घेत नव्हते. माझे वडील आजारी होते, मी त्यांच्यापाशी होते. नवीन प्रोग्रॅम मला येत नाहीत, ते शिकावे लागतील. हाताने मात्र अजून काढते."

"घरात पुन्हा कुणी आजारी पडलं तर?"

प्रश्न टोचणारा होता. छकू म्हणाली, "तर मी रजा मागेन. तेव्हा मागितलीच नव्हती, घाबरून सरळ नोकरी सोडली. मागायला हवी होती."

मॅडमनी काकांना खूण केली. काकांनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि एका जिन्याचा उभा छेद, म्हणजे मधून कापला तर दिसेल तसा नकाशा, काढायला सांगितला. माझी कड मध्ये येत होती म्हणून तिला मान फारच वाकवावी लागली. पहिली रेघ तिने खोडली, दुसरी सरळ ओढली. मी जीव मुठीत धरून बसलो होतो, मला मूठ नाही तरीही.

तेल मुरलं, पण बटण काही हललं नाही. शेवटी छकूच म्हणाली, "कापा." काकांनी हळूच पट्टा कापला. मला त्यात दुखलं नाही, मित्रांनो. फक्त आपलं काम संपलं हे कळलं. तिच्या केसांचा पार चिवडा झाला होता आणि वहिनीने लावलेल्या पिना कपाळावर लोंबत होत्या. तिने त्या सारख्यासुद्धा केल्या नाहीत. कळवतो हा शब्द ऐकण्याच्या तयारीने ती उठली.

"अशा जाणार घरी? बोडक्या डोक्याने?" मॅडमनी विचारलं. मग त्या काकांकडे वळल्या. "तुमचं हेल्मेट यांना द्या. तुमचं घर काय, पलीकडच्या गल्लीत आहे."

काकांनी खुंटीवरचं त्यांचं पांढरं हेल्मेट काढून दिलं. छकू आभार मानू लागली. उद्याच आणून देते, म्हणाली.

"उद्या सुट्टी आहे," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी कामावर याल तेव्हा आणा."

छकू दारातच उभी राहिली. तिला ते वाक्य समजायला जरा वेळ लागला. मला लगेच समजलं.

परतताना मी मागच्या कॅरिअरवर दोरीने बांधलेला होतो. इतकी वर्षं रस्ते पाहिले, पण तिच्या पाठीमागून पहिल्यांदाच. त्या पांढऱ्या हेल्मेटमध्ये ती काहीतरी बोलत होती. काय ते मला ऐकू आलं नाही. थोडा हेवा वाटला.

आता मी कपाटावर असतो. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला ओलीत टांगू नका, आपटू नका, त्याचं बटण कुरकुरलं तर त्याच दिवशी बघा. आणि तो थकला की मायेपोटी डोक्यावर ठेवू नका. छकू मला नवा पट्टा शिवून घेणार होती. वहिनीने तिला तसं करू दिलं नाही आणि बाजारातून कोरं करकरीत हेल्मेट आणायला लावलं. वहिनीचे चिमटे मी त्याच दिवशी माफ केले. छकूचं ते डोकं मला फार आवडतं, मित्रांनो. म्हणूनच ते माझ्या भरवशावर राहू नये.