भोपळ्यातला आवाज

शरयूचा आवाज मंगळवारपासून तिच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यात राहायला गेला होता. गळ्यात उरला होता तो बुवांचा. बुवांना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांना त्याचं काहीच नव्हतं. ते तिच्या गळ्यातून नेमानं गात आणि अंतऱ्याआधी नेमानं खोकत.

चूक तिचीच. बावीस वर्षं तिनं गुरूंची नक्कल इतकी मन लावून केली, की त्यांना दम लागायचा तिथं तीही खोकायला लागली. पट्टीसुद्धा त्यांचीच धरली, काळी एक; बाईच्या गळ्याला ती फार खाली पडते, तरी. लोक म्हणत, "डोळे मिटले की साक्षात बुवा!" आणि ही वेडी हरखून जायची. आता शनिवारी तिचं पहिलं स्वतंत्र गाणं होतं. एकदा तरी आपल्या गळ्यानं गावं, एवढंच तिला हवं होतं.

ती तंबोरा घेऊन मिरजेला दस्तगीरचाचांकडे गेली. आजवर कितीतरी तंबोरे त्यांच्या हातांनी घडले होते. त्यांनी भोपळ्याला कान लावला.

"आत हाय की. निवांत बसलाय."

"बाहेर काढा ना, चाचा," ती बुवांच्या आवाजात म्हणाली.

"त्यो न्हाई यायचा, ताई. हितं त्याला कोण नावं ठेवत न्हाई. तुमीच जावा आत."

चाचांनी भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी तबली अलगद उचकटली. शरयूनं हात घातला. तो कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. काढू म्हटलं तर निघेना.

"चाचा, धरा मला!"

चाचांनी धरलं आणि आत सारलं. "मान जरा खाली घ्या. हां, आता पाय."

आत कोरडा अंधार होता. कोपऱ्यात तिचा आवाज बसला होता: बारीक, किनरा, पंचमावर किंचित चिरकणारा. आयुष्यभर तिला त्याची लाज वाटत आली होती.

"आलीस?" तो म्हणाला, आणि उठून तिच्या गळ्यात येऊन बसला.

शरयूला रडू फुटलं. चिरकतो तर चिरकू दे, माझा आहे, असं तिला वाटलं, आणि इतकं शांत वाटलं की त्या शांततेचीच तिला भीती वाटली. ती निघायला वळली. वळता येईना. गुडघे हनुवटीला टेकले होते आणि पाठ भोपळ्याला घट्ट लागली होती.

"ताई, येताय न्हवं भाईर?" वरून चाचांनी विचारलं.

येते, थांबा, असं ओरडायला तिनं तोंड उघडलं. सा लागला. स्वच्छ, भरलेला, तिचा स्वतःचा. तिनं पुन्हा ओरडून पाहिलं. पुन्हा सा.

चाचांनी डोळे मिटून तो ऐकला, समाधानानं मान हलवली आणि तबलीच्या कडेला सरस लावायला घेतला.